तोटा मुलांपासून लपतो का?

सन 2016 च्या श्रावणातील एका रविवारी बीडच्या मोंढ्यातील एक व्यापारी आपल्या कुटुंबासह कपिलधारला गेला होता. दोन वर्षांच्या अवर्षणानंतर मराठवाड्यावर ढग आले होते आणि बालाघाटच्या उजाड टेकड्यांवर पुन्हा हिरवळ दिसू लागली होती. कुटुंबात आई, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मंडळी एस.टी.ने मांजरसुंब्याला उतरली आणि तेथून रिक्षाने पुढे गेली. घरची मोटार दुरुस्तीला दिली आहे, असे मुलांना दीड महिन्यापासून सांगण्यात येत होते.

कपिलधार हे वीरशैव संत मन्मथस्वामींचे समाधिस्थान. 'परमरहस्य' हा ग्रंथ मराठीत लिहून त्यांनी धर्मविचार सामान्य माणसाच्या भाषेत आणला. कार्तिकी पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते आणि दूरदूरच्या गावांहून दिंड्या पायी येतात. मोंढ्यात लिंगायत वाणी आणि जैन यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून उभी असल्यामुळे जैन कुटुंबांनाही हे स्थान परके नाही. समाधीपुढे नम्रतेने हात जोडून मंडळी धबधब्याच्या बाजूला आली. चातुर्मास असल्याने दादींनी पाण्यात उतरायला मना केले होते. "पाण्याच्या थेंबात जीव असतात. लांबून पाहा, तेवढेच पुरे," असे त्या म्हणाल्या. उकळून थंड केलेले पाणी, खाकरे आणि मेथीदाण्याची चटणी असा शिधा बरोबर होता. सूर्यास्तापूर्वी घरी पोचायचे होते.

खाकऱ्याचा तुकडा हातात तसाच धरून मुलीने अचानक विचारले, "पप्पा, आपण पण तसलाच खेळ खेळतोय का?"

तिचा प्रश्न समजायला बापाला क्षणभरही लागला नाही. आदल्या रात्री घरात सर्वांनी मिळून दूरदर्शन संचावर एक जुना हिंदी चित्रपट पाहिला होता. त्याचे नाव 'ता रा रम पम'.

यशराज फिल्म्सचा हा चित्रपट 27 एप्रिल 2007 रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सिद्धार्थ आनंद, नायक सैफ अली खान, नायिका राणी मुखर्जी, संगीत विशाल-शेखर यांचे. न्यूयॉर्कमध्ये राहणारा, फारसा न शिकलेला, परंतु गाडी चालवण्यात तरबेज असा एक भारतीय तरुण मोटारींच्या शर्यतीत नाव कमावतो. श्रीमंत घरातील मुलगी वडिलांचा विरोध पत्करून त्याच्याशी विवाह करते. दोन मुले होतात. मोठे घर, भारी मोटारी, उंची वस्तू असे सारे काही येते, आणि येते ते बहुतांशी कर्जाऊ वा हप्त्याने. मग शर्यतीत भीषण अपघात होतो. शरीर सावरते, पण मनातील भीती जात नाही. नायक हरू लागतो, नोकरी जाते, घर जाते, आणि कुटुंब गरीब वस्तीतल्या लहानशा खोलीत येऊन पडते.

इथपर्यंत चित्रपटाने एक खरा प्रश्न हाती घेतलेला असतो. चढत्या काळात वाढवलेला संसार उतरत्या काळात कसा पेलायचा? हा प्रश्न न्यूयॉर्कचा नाही. तो मोंढ्याचा आहे, सराफ्याचा आहे, कापड बाजाराचा आहे. म्हणूनच हा चित्रपट व्यापारी घरातील प्रेक्षकाची सर्वांत अधिक निराशा करतो. प्रश्न उभा करून त्याने उत्तर द्यायचे टाळले. आईबाप मुलांना सांगतात की आपण एका दूरदर्शनवरील स्पर्धेत भाग घेतला आहे. गरिबासारखे राहून दाखवायचे, हसतमुख राहायचे आणि शेवटी मोठे बक्षीस मिळवायचे. मुले तो खेळ आनंदाने खेळतात. पुढे त्यांना सत्य कळते, आणि आईबापांच्या नकळत ती शाळेतल्या जेवणाचे पैसे वाचवू लागतात. उपाशी राहिलेला धाकटा मुलगा टाकून दिलेले अन्न खातो, त्यातून काच पोटात जाते आणि तो मरणाच्या दारात पोचतो. शस्त्रक्रियेला पैसा हवा म्हणून बाप पुन्हा शर्यतीत उतरतो, जिंकतो, आणि सारे पूर्ववत होते.

चित्रपटाच्या जमेच्या बाजूला काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पत्नी संकटात पतीला सोडून माहेरी जात नाही. एकेकाळचा नामांकित चालक टॅक्सी चालवण्यात कमीपणा मानत नाही. प्रामाणिक श्रमाला लाज नसते, ही शिकवण आपल्या घरांतूनही दिली जाते. जावेद जाफरीने रंगवलेला मित्र पडत्या काळातही साथ सोडत नाही. पण जो प्रसंग चित्रपटाचा प्राण व्हायला हवा होता, तोच दिग्दर्शकाने गाणी आणि अश्रू यांच्यामध्ये दडपून टाकला. मुले उपाशी का राहिली? घरात पैसा नव्हता म्हणून नव्हे. पैसा नाही हे त्यांना कळले होते आणि ते कळले आहे हे आईबापांना सांगण्याची सोय घरात उरली नव्हती, म्हणून. एवढी मोठी गोष्ट घडूनही बाप मुलांपुढे बसून, "मी तुम्हांला खोटे सांगितले, माझे चुकले," असे शांतपणे म्हणताना ठसत नाही. शर्यतीतील विजय त्या कबुलीची जागा घेतो. पैसा परत आला की खोटेही धुऊन निघते, असा समज प्रेक्षक घरी घेऊन जातो.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर त्या कुटुंबाचा घात अपघाताने केला नाही. अपघात निमित्त झाला. शर्यतीच्या चालकाचे उत्पन्न बेभरवशाचे. एक हंगाम सोन्याचा, तर दुसरा रिकामा. हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला ठरलेल्या रकमेने येतो. पाऊस पडला की नाही, भाव चढला की उतरला, असे हप्ता कधी विचारत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मुद्दल किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक थकले की कर्जखाते अनुत्पादक ठरते. 31 मार्च 2004 पासून आपल्या देशात हा दंडक लागू आहे, आणि 2002 च्या सरफेसी कायद्याने तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा मार्गही बँकांना मोकळा केला आहे. नव्वद दिवस म्हणजे खरिपाचे एक पीकही पुरते घरी येत नाही इतका काळ. ज्याची मिळकत हंगामी आहे त्याने चांगल्या वर्षाच्या नफ्यावर नव्हे, तर वाईट वर्षाच्या मिळकतीवर हप्ता बेतावा, हे शहाणपण जुन्या मुनीमांना कोणत्याही परिपत्रकाशिवाय ठाऊक होते.

आपल्या धर्माने तर त्याला व्रताचेच रूप दिले. श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील शेवटचे परिग्रह-परिमाण. घर, जमीन, सोने, धान्य, वाहन यांची मर्यादा माणसाने आपणहून, चढत्या काळातच ठरवून घ्यावी, कारण उतरत्या काळात मर्यादा घालायला काही हाती उरलेले नसते. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे मूळ वस्तूत न सांगता वस्तूविषयीच्या आसक्तीत सांगितले आहे. या दृष्टीने पाहता चित्रपटातील नायकाचे घर गेले तरी परिग्रह गेलाच नाही. खोटा खेळ रचून तो त्या घराची आसक्ती मुलांच्या मनात जिवंत ठेवतो. खेळ संपला की ते सारे परत मिळेल, हेच तर त्या खेळाचे आमिष असते.

दुसरे अणुव्रत सत्याचे. त्याच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख किंवा खोटे कागद करणे, याचा स्पष्ट उल्लेख येतो. दुकानाच्या खतावणीत खोटी नोंद करताना ज्याचा हात थरथरेल, असा सज्जन व्यापारीही घरच्या खात्यात मात्र सर्रास खोट्या नोंदी करतो. मोटार दुरुस्तीला गेली. बांगड्या लॉकरमध्ये आहेत. यंदा सुटीत गावाला जायचे नाही, कारण फार ऊन आहे. यामागे कपट नसते, माया असते. मुलांचे बालपण अबाधित राहावे एवढीच इच्छा असते. पण मुले बांगडीविना आईचा हात रोज पाहत असतात.

खुद्द शर्यतीच्या जगातही केवळ जिंकणे हाच धडा नाही. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन 2005 साली जॉर्डन संघातून धावला. त्याच वर्षी 19 जून रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे एक विलक्षण प्रसंग घडला. मिशेलिन कंपनीच्या टायरांना तेथील उतरत्या वळणाचा वेगवान ताण सोसवत नाही, हे सरावातील अपघाताने उघड झाले होते. कंपनीने ते झाकले नाही. शर्यतीआधीच्या फेरीनंतर त्या टायरांच्या 14 गाड्या लाखो डोळ्यांसमोर मागे वळल्या. वीसपैकी केवळ सहा गाड्या धावल्या. त्यांत कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. त्या दिवशी प्रेक्षक संतापले, नाव खराब झाले, आर्थिक फटका बसला. पण टायर कमकुवत आहे हे कबूल केल्यामुळे चालकांचे जीव धोक्यात गेले नाहीत. आपल्या चित्रपटाने हजारो मैलांवरील शर्यतीचा थाट उचलला, तेथील हा शहाणपणा मात्र उचलला नाही.

अशा कबुलीचा याहून जवळचा दाखला जैन व्यापाऱ्यांच्याच इतिहासात आहे. कवी बनारसीदास यांचा जन्म 1586 साली जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, 1641 मध्ये, त्यांनी 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून निम्म्या आयुष्याची ही कथा, म्हणून हे नाव. आपल्या देशी भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते, आणि ते लिहिणारा राजा नव्हता, सेनापती नव्हता, एक तोट्यात गेलेला व्यापारी होता. वडिलांनी माल देऊन त्यांना आग्र्याला धाडले. तेथे अननुभवामुळे आणि निष्काळजीपणामुळे तो धुळीस मिळाला. हाती काही उरले नाही तेव्हा एका कचोरीवाल्याकडे ते उधारीवर कचोऱ्या खात राहिले. एके दिवशी त्यांनी त्याला स्वतःहून सांगितले की आपल्याजवळ पैसे नाहीत, तेव्हा पुढे उधार देऊ नये. कचोरीवाल्याने उधारी बंद केली नाही. खरे सांगणाऱ्या माणसावर त्याने अधिक विश्वास टाकला, आणि पुढे त्याचे पैसे चुकते झाले.

त्यानंतर बनारसीदास खैराबादला सासुरवाडीस गेले. रात्री पत्नीपुढे त्यांना आपली खरी स्थिती सांगावी लागली. तिने दोष दिला नाही. स्वतः साठवलेले वीस रुपये तिने पतीच्या हाती ठेवले, आणि पुढे तिच्या आईकडूनही मदत मिळाली. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीत शर्यत नाही, टाळ्या नाहीत, चमत्कारही नाही. त्या वीस रुपयांनी बनारसीदास धनाढ्य झाले नाहीत. व्यापारात त्यांना पुढेही ठेचा लागल्या, घरात मृत्यू पाहावे लागले. तरीही तोट्याचा हिशेब त्यांनी लपवला नाही आणि त्यासाठी नशिबाला बोल लावून ते मोकळेही झाले नाहीत. स्वतःच्या गुणांबरोबर त्यांनी स्वतःच्या दोषांचीही यादी दिली. हे पुस्तक आज हिंदीसह अनेक भाषांत वाचता येते. आपल्या तरुण पिढीने एक संध्याकाळ त्याला द्यावी.

कपिलधारच्या त्या कातळावर मात्र उत्तर देणे सोपे नव्हते. मुलीचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. आईने घाईघाईने विषय बदलला. "अगं, काहीतरीच काय! सिनेमा तो सिनेमा." आणि मग पतीकडे पाहत हलक्या आवाजात, "अहो, दहावी जवळ येतेय तिची. आत्तापासून डोक्यावर ओझे कशाला?"

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. मुलांना किती सांगावे याला मर्यादा असतेच. बँकेची नोटीस, थकलेले आकडे, देणेकऱ्यांचे कटू बोल हे सारे नऊ वर्षांच्या मुलाच्या कानी घालणे म्हणजे आपला भार त्याच्या खांद्यावर देणे होय. पण त्याच वेळी मुलीने दप्तरातून एक घडी केलेला कागद काढला. शाळेच्या सहलीची ती सूचना होती. त्यावर पालकांची सही नव्हती. सहल पंधरा दिवसांपूर्वीच होऊन गेली होती.

"तुमच्याकडे मागितलेच नाही मी," ती म्हणाली. "मैत्रिणींना सांगितले, बरे नाही म्हणून."

म्हणजे घरात खोटे बोलणारे आता दोन नव्हते, तीन होते. चित्रपटातील मुलाच्या पोटातील काच तेथे नव्हती, पण गोष्ट तीच होती. तोटा तिला केव्हाच ठाऊक झाला होता. आईबापांनी तो लपवला त्यामुळे तिचे दुःख टळले नाही. फक्त ते तिला एकटीला सोसावे लागले.

पहिल्यांदा बोलल्या त्या दादी. "बाहत्तरच्या दुष्काळात तुझे दादाजी दिवाळीला वहीपूजन झाले की आम्हां सगळ्यांना, लेकरांनाही, गादीवर बसवायचे. कुणाकडे किती अडकले, कुणाचे किती द्यायचे, मोठ्याने वाचायचे. त्या वर्षी मिठाई नव्हती. रेशनचा मिलो खाल्ला लोकांनी. पण घरात कुणी कुणाला चोरून रडले नाही." मग मुलाकडे वळून त्या म्हणाल्या, "सांग रे बाबा. लेकरे काचेची नसतात."

मग बापाने सांगितले. दोन वर्षे पाऊस नाही, कापूस नाही, तूर नाही. शेतकऱ्यांना दिलेली उचल परत आलेली नाही, आणि त्यांच्याजवळच काही नाही तर मागायचे तरी कुणाला? मोटार दुरुस्तीला नाही, ती विकली. बांगड्या लॉकरमध्ये नाहीत, गहाण आहेत. बँकेचे काही देणे आहे, ते फेडायला बहुधा तीन वर्षे लागतील. घर राहील, शाळा राहील, दोन वेळचे जेवण राहील. नवीन काही येणार नाही. आणि दुकान बंद होणार नाही, कारण ते बंद झाले तर ज्यांची उचल आपल्याकडे आहे ते शेतकरी पेरणीला कोणाकडे जातील?

धाकट्याने एकच शंका विचारली. "मग जिंकल्यावर बक्षीस नाही?"

"नाही बाळ. देणे फिटले की फिटले, एवढेच."

त्याला ते पुरेसे वाटले असावे, कारण तो पुन्हा खाकऱ्याकडे वळला. मुलगी मात्र बराच वेळ पाण्याच्या धारेकडे पाहत होती. मग तिने विचारले, "पुढच्या वर्षी सहलीचे पैसे मी आधीपासून साठवू का?" त्यावर आईचे डोळे भरून आले आणि तिने पदराने ते टिपले. परत जाताना एस.टी.त मुलीला खिडकीजवळची जागा मिळाली आणि तिचे डोके आईच्या खांद्यावर विसावले. सूर्य मावळण्याआधी मंडळी घरी पोचली.

त्या वर्षी संवत्सरीला प्रतिक्रमण झाल्यावर घरातल्यांनी एकमेकांना 'मिच्छामि दुक्कडं' म्हटले. दरवर्षी हे शब्द मुले मोठ्यांच्या पाया पडून म्हणत आणि मोठे आशीर्वाद देत. या वेळी बापाने हात जोडले ते प्रथम मुलीपुढे. कोणत्या चुकीची क्षमा, हे सांगण्याची दोघांनाही गरज नव्हती. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी मुलगी गादीवर आजीशेजारी बसली. रोजमेळाच्या पहिल्या पानावर तिच्या अक्षरात तारीख पडली.

पुढच्या काळात देण्याचा काही भाग फिटला, काही राहिला. बांगड्या परत यायला तीन नव्हे, चार वर्षे लागली. एक मोठी उचल बुडालीच. कुठेही शर्यत जिंकली गेली नाही.

'ता रा रम पम' पाहून येणारी निराशा ती ही की मुलांच्या सोसण्याला त्याने केवळ विजयाच्या आधीचा अडथळा मानले. आपल्या व्यापारी घरांत आज हप्त्याच्या मोटारी आहेत, हप्त्याची घरे आहेत, परदेशी शिक्षणाची कर्जे आहेत. पाऊस, बाजारभाव, धोरण यांपैकी काहीही केव्हाही फिरू शकते. मुनीम आता संगणकात हिशेब ठेवतो आणि दिवाळीची वही पुष्कळ ठिकाणी नुसती पूजेपुरती उरली आहे. ती उघडून त्यातले दोन आकडे मुलांना वाचून दाखवावेत. चांगल्या वर्षी नफा सांगावा, वाईट वर्षी तोटाही सांगावा. मुलाच्या वयाला झेपेल इतकाच सांगावा, पण जो सांगाल तो खरा सांगावा.